अप्पांनी उतरवलेला फोटो

बिराजदार अप्पा कुणाच्याही दारात आले की आधी खाली बघायचे. नमस्कार नंतर. चपला काढायची जागा, पायरी, आतली फरशी, सगळ्यावरून नजर फिरवायची आणि मग पाऊल टाकायचं, तेही शक्यतो आधी कुणाचं पाऊल पडलं असेल तिथंच. लग्नाच्या मांडवात सतरंजीला फुगवटा आलेला दिसला तर ते वळसा घालून जायचे. नळदुर्गात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, यांना कमी दिसतं. तसं नव्हतं. फौजेतली उभी नोकरी त्यांनी सुरुंग काढण्यात आणि दुसऱ्यांना ते काढायला शिकवण्यात घालवली होती.

"अप्पा, ही फरशी मी स्वतः उभं राहून बसवून घेतलीय," मी एकदा म्हणालो.

"फरशीवर इस्वास हाय वो साहेब, पायावर न्हाय. पायाला न बघता पडायची सवय लागली का मंग त्यो कुणाचं ऐकत न्हाय."

मी मोजणी खात्यात भूकरमापक. आमची ओळख त्यांच्या शेताच्या मोजणीत झाली. अक्कलकोट रस्त्याला त्यांचं रान आहे. बांधाच्या मोजणीला दोन्हीकडची माणसं साधारण भांडायच्या तयारीनंच येतात. अप्पा एकटे आले आणि माझ्या झेंड्या एका रेषेत कशा येतात ते बघत उभे राहिले. मोजणी संपली तेव्हा बांध थोडा शेजाऱ्याच्या बाजूनं निघाला, म्हणजे अप्पांची जमीन तेवढी कमी भरली. मी आवाज चढण्याची वाट बघत होतो. अप्पा म्हणाले, "निघाली तर निघाली. मापाशी काय भांडायचं?" आणि मलाच डब्यातली भाकरी खायला बसवलं. त्या दिवसापासून ते मला 'साहेब' म्हणू लागले. वयानं ते वडील, म्हणून मला अवघड व्हायचं. पण ते सोडायचे नाहीत.

पुढं लिहिण्याआधी एक सांगायला हवं. यात जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच पाहिलं म्हणून लिहितो, ऐकलेलं ऐकलं म्हणून. एका माणसाचं नाव बदललं आहे. त्याला मी नूर म्हणतो. कोणत्या केंद्रात आणि कोणत्या साली, हे मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अप्पा एका प्रशिक्षण केंद्रात उस्ताद होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. तिथं बाहेरच्या देशांचे सैनिक शिकायला यायचे. अप्पा स्वतः त्यांच्या देशांत कधी गेले नाहीत, तुकड्या इकडं येत. त्यात अफगाणिस्तानची एक तुकडी अप्पांच्या हाताखाली होती. दुभाष्या दिलेला होता. पण अप्पांचं म्हणणं, त्याची फारशी गरज पडली नाही. "आपली नळदुर्गाची बोली काय कमी हाय का? जमीन म्हणलं तर त्यांना कळतंय. आहिस्ता म्हणलं तर कळतंय. खबरदार म्हणलं तर उभ्या जागी थांबत्यात. सुरुंग काढायला आणिक कुठला शबुद लागतोय?"

शिकवणं साधं आणि फार कंटाळवाणं होतं. मातीवर पालथं पडायचं. लांब सळई तिरपी धरून माती हळू टोचत जायचं. सळई उभी टोचली तर ती सुरुंगाच्या डोक्यावर बसते, तिरपी टोचली तर कडेला लागते. हातभर जमीन तपासली की पांढरी फीत पुढं सरकवायची. फितीच्या आतली वाट मोकळी, बाहेर पाय टाकायचा नाही. नूर तुकडीत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात उतावळा. त्याच्या धाकट्या भावाचा पाय शेळ्या चारताना गेला होता, म्हणून त्यानं हे काम मागून घेतलं होतं. त्याला वाटायचं, आपण भराभर शिकून परत जावं आणि सगळा डोंगर मोकळा करावा. अप्पांनी त्याला एका दुपारी हातभर जमिनीवरच पालथं ठेवलं. तो चिडून म्हणाला, "उस्ताद, इस तरह तो मेरा पूरा मुल्क सौ साल में भी साफ नहीं होगा." अप्पांनी उत्तर दिलं, "तो सौ साल लगाओ. जल्दी करोगे तो तुम साफ हो जाओगे."

अप्पा तेव्हा केंद्राच्या वसाहतीत कुटुंबासह राहत. सुट्टीच्या दिवशी नूर त्यांच्याकडं जेवायला यायचा. महादेवीकाकू ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी वाढायच्या. काकूंचं माहेर अक्कलकोटकडचं. त्या मराठी बोलताना मध्येच कन्नडवर जातात. नूरला त्यांचं मराठीही कळत नसे आणि कन्नडही. काकू सांगतात, "त्याला म्हणलं, साकु का, म्हंजी पुरं का? त्यो मान हालवायचा, म्या पुन्हा वाढायची. बिचारा पोट फुटंस्तोर खायचा." परत जाताना त्यानं चटणीची बरणी मागून नेली.

तुकडी जाण्याआधी फोटो निघाला. फौजेची तशी रीतच आहे. तीन रांगा, पुढं खुर्च्यांवर उस्ताद आणि अधिकारी, मागं शिकणारे, आणि खाली छापील अक्षरांत प्रत्येकाचं नाव, कुठल्या रांगेत कितवा ते कळेल असं. अप्पांनी तो काचेत बसवून नळदुर्गच्या घरी बैठकीत लावला. दारातून आत गेलं की समोर तोच दिसायचा. बसवेश्वरांची तसबीरही त्याच्या बाजूला होती, मधोमध नव्हती.

निवृत्तीनंतर दत्ता नावाच्या एका तरुणानं त्यांना गाठलं. दत्ता बसस्टँडमागं भरती अकॅडमी चालवायचा. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पोरांना पळवायचं, उड्या मारून घ्यायच्या, त्याला माजी सैनिक हवा होता. अप्पा सकाळी मैदानावर जाऊ लागले. पहिल्या वर्षी काही पोरं लागली, आणि आपल्याकडं काही झालं की जे होतं तेच झालं. चौकात फ्लेक्स लागला. दत्ता अप्पांच्या घरी येऊन भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेला होता. अप्पांनी हो म्हटलं होतं. फ्लेक्सवर वर अप्पांचा मोठा चेहरा, खाली 'परदेशी सैनिकांना घडवणारे आपल्या नळदुर्गचे सुपुत्र', आणि त्याखाली तो फोटो, तिन्ही रांगांचा, नावांसकट. हायवेवरून वळणारा ट्रकवालाही वाचू शकेल एवढा. तोच फोटो अकॅडमीच्या इंटरनेटवरच्या पानावर, गावाच्या ग्रुपवर आणि कित्येकांच्या स्टेटसला गेला. अप्पा लाजले, पण चहाला माझ्याकडं येताना चौकातून येऊ लागले. आधी ते गल्लीनं यायचे.

मग काबूल पडलं. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. विमानामागं धावणारी माणसं मीही पाहिली आणि जेवायला बसलो. अप्पांनी जेवण सोडलं असं नाही, पण ते टीव्हीसमोर खाली बसायचे, खुर्चीत नाही, आणि पडद्यावरच्या एकेका चेहऱ्याकडं बघत राहायचे. "एवढी शिकवलेली फौज, साहेब. कुठं गेली? कापूर उडाल्यावानी." मी म्हणालो, पगार मिळाला नसेल, वरचे पळाले असतील, असं छापून आलंय. ते म्हणाले, "ते असंल. पण म्या ज्यांना शिकवलं ते आता कुणाच्या जमिनीवर पालथं पडल्यात, ह्ये कुठं छापून येतंय?"

त्यांची काळजी मला त्या दिवशी पुरती कळली नव्हती. त्यांनीच समजावून सांगितली. सुरुंग काढायला शिकवायचं तर आधी पेरून दाखवावा लागतो. म्हणजे ज्याला काढता येतो त्याला पेरताही येतो. नवे राज्यकर्ते अशा माणसाला एकतर गोळी घालतील, नाहीतर कामाला लावतील. "दोन्हीत माझाच हात," अप्पा म्हणाले.

काही दिवसांनी नूरचा आवाजी निरोप आला. तो मी अप्पांच्या फोनवर ऐकला आहे. आवाज दबका, मागं कुठं तरी कोंबडी ओरडत होती. "उस्ताद, सलाम. वह तस्वीर हटा दीजिए. मेरे गाँव का एक आदमी अपने फोन में दिखा रहा था. नीचे मेरा नाम लिखा है. उस्ताद, ये लोग घर-घर पूछ रहे हैं, बाहर किसने सीखा." बस, एवढंच.

आपल्या चौकातला फोटो तिथवर कसा गेला, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. पानावर तो सर्वांसाठी खुला होता आणि कुणी नाव टाकून शोधलं तर सापडत होता, एवढं मी स्वतः तपासलं.

अप्पा तडक दत्ताकडं गेले. मीही बरोबर होतो.

"फोटू काढ," अप्पा म्हणाले.

"कुठला?"

"परदेशी पोरांचा. पानावरनं, ग्रुपवरनं, समदीकडनं. आत्ताच्या आत्ता."

दत्ता हसला. "अप्पा, त्या एका फोटूवर पोरं येयलेत. लातूरची अकॅडमी सोडून माझ्याकडं आलीत. काय झालं ते तर सांगा."

अप्पांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दत्तानं चार जणांना सांगितलं असतं, त्या चौघांनी ग्रुपवर टाकलं असतं, आणि नूरचं नाव फोटोपेक्षा लांब गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "काढ म्हणलं ना म्या." दत्तानं काढला. पण त्याच्या चेहऱ्यावर शंका आलेली मी पाहिली.

पुढं कित्येक दिवस अप्पा नळदुर्गात माणसामागं माणूस गाठत फिरले. स्टँडवरचा चहावाला, पानपट्टी, रसवंती, शाळेतले शिक्षक. "तुमच्या मोबाईलात माझा त्यो फोटू असंल तर काढून टाका." समोर उभं राहून, काढलेला बघूनच ते पुढं जायचे. बाबू न्हाव्यानं दाढी करता करता टोला मारला, "अप्पा, तुमचा फोटू काढला तर माझ्या मोबाईलात मागं काय राहील? बायकूचा?" दुकानातले सगळे हसले. अप्पाही हसले आणि म्हणाले, "ठिव तिचा. पण ह्यो आधी काढ." एकानं विचारलं, "अप्पा, फोटूत कुणी अफगाणी पोरगी हुती का? काकूंना कळलं वाटतं." तेही त्यांनी ऐकून घेतलं.

पण चेष्टा संपली आणि दुसरंच सुरू झालं. आधी बोललं गेलं, अप्पांची चौकशी लागलीय. मग कुणी तरी म्हणालं, फोटोच खोटा होता, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर अप्पांचं डोकं बसवलेलं, आता उघडं पडायला लागलं म्हणून काढत फिरतोय म्हातारा. हे मी माझ्या कानांनी बसस्टँडवर ऐकलं. बोलणारा ओळखीचा होता. मी त्याला म्हणालो, अहो, मी मूळ फोटो भिंतीवर पाहिलाय. तो म्हणाला, "मंग दाखवा की." दाखवता येत नव्हता, खाली नावं होती. अकॅडमीतली पोरं अप्पांसमोर गप्प उभी राहायची आणि पाठ फिरली की खुसपुसायची. एक दिवस दत्ता म्हणाला, "अप्पा, काही दिवस आराम करा." अप्पा दुसऱ्या सकाळपासून मैदानावर गेले नाहीत.

मी त्यांना म्हणालो, "निदान दत्ताला तरी खरं सांगा. गावात तुमची अब्रू जातेय."

"माझी अब्रूच जायलीय ना? जाऊ द्या की. सांगितलं तर त्या पोराचं मुंडकं जाईल."

मग ते फ्लेक्सच्या मागं लागले. चौकातला फ्लेक्स कधीच उतरला होता. आपल्याकडं जुना फ्लेक्स कुणी फेकत नाही. तो गोठ्यावर जातो, कांद्यावर जातो, ढाब्याच्या मागच्या भिंतीला लागतो. अप्पांनी दत्ताच्या पोरांकडून माग काढला. माझ्या मोटारसायकलवर बसून आम्ही अक्कलकोट रस्त्यानं एका वस्तीवर गेलो. कडब्याच्या गंजीवर तो पसरलेला होता. अप्पांचा चेहरा उन्हानं पांढरा पडला होता, पण खालची नावं सावलीच्या बाजूला होती आणि ती वाचता येत होती.

गंजीचा मालक शिवाप्पा खाटेवर बसला होता. "अप्पा, तुमालाच घिऊन आमच्या कडब्याची राखण चाललीय," तो म्हणाला. "म्हशीबी वळखत्यात आता."

"ह्यो मला दे. ताडपत्री आणलीय तुला," अप्पा म्हणाले. येताना त्यांनी नवी ताडपत्री विकत घेतली होती.

"आं? नवी ताडपत्री? ह्या फाटक्यासाठी?"

"दे म्हणलं ना."

मला राहवलं नाही. वाटेत मी म्हणालो, "अप्पा, या वस्तीवर काबूलचा कोण येणार आहे? इथं कुणाला त्या मुलाचं नाव वाचायचं आहे?"

अप्पा मागं बसले होते, फ्लेक्सची गुंडाळी मांडीवर आडवी धरून. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. ते म्हणाले, "साहेब, शेतात सुरुंग काढताना, ह्या कोपऱ्यात कोण पाय ठिवायलंय, असं म्हणून कोपरा सोडायचा नसतोय. म्या हेच शिकवलंय त्यांना. आता माझ्यावर आलं तर सोडू?"

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटोही उतरवला. काकू आडव्या आल्या. "अहो, ह्यो तर घरातलाच हाय! आपल्या घरात कोण येयलंय बघायला? आयुष्यभराची तेवढीच एक वस्तू." अप्पा म्हणाले, "महादेवी, दत्ता घरातच आला हुता." अप्पांनी काच वेगळी केली, कागद चुलीत घातला. भिंतीवर चौकोनी पांढरी जागा राहिली. काकूंनी दुसऱ्या दिवशी तिथं दिनदर्शिका टांगली. ती लहान होती. कडा उघड्याच राहिल्या.

त्यानंतर नूरचा एकच निरोप आला. तस्वीर आता सापडत नाही, शुक्रिया, उस्ताद. मी घर बदलतोय. माझा नंबर काढून टाका, तुम्ही फोन करू नका, हिंदुस्तानचा नंबर माझ्या फोनवर दिसला तर वाईट होईल. अप्पांनी माझ्यासमोर नंबर काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. फोनवर परदेशी नंबर आला की ते दचकून उठायचे. असले फोन फसवणाऱ्यांचे असतात हे मी त्यांना सांगितलं होतं, तरी प्रत्येक वेळी उचलायचे. बोलायचे मात्र नाहीत, नुसतं ऐकायचे.

नूर वाचला की नाही, मला माहीत नाही. अप्पांनाही कधी कळलं नाही. अंदाज मी लिहीत नाही.

अप्पा गेल्या वर्षी गेले. हृदयाचं दुखणं होतं. मातीला गाव जमलं, दत्ताही आला. जे दोघं-तिघं बोलले त्यांनी फौज, शिस्त, देशसेवा असं सगळं सांगितलं. परदेशी सैनिकांचा उल्लेख कुणीच केला नाही. मला वाटतं, त्यांनी तो अप्पांची लाज राखायला टाळला. मी उठून बोललो नाही. बोलायचं नाही असं ठरलेलं होतं.

त्याआधी सोलापूरच्या दवाखान्यात मी त्यांना शेवटचा भेटलो. दुपारची वेळ होती. काकू खाटेच्या पायथ्याशी मोसंबी सोलत होत्या. अप्पा छताकडं बघत होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही त्यो फोटू लई येळा बघितलेला. नूर कुठल्या रांगंत हुता?"

"मधल्या."

"आन तोंड कसं हुतं त्याचं?"

मी आठवायचा प्रयत्न केला. गणवेश आठवला, टोपी आठवली. जागा तर रांगेतली नेमकी सांगता आली असती. चेहरा येईना. तसं मी सांगितलं.

"मलाबी येईना," अप्पा म्हणाले. "डोळं मिटलं का हात दिसतोय त्याचा, सळई धरल्याला. मान दिसती. तोंडाच्या जागी काय बी न्हाय. एवढं पुसून काढलं म्या, का माझ्याकडचंबी गेलं. उद्या त्यो दारात येऊन उभारला तर म्या त्यालाच इचारीन, कोण पाहिजे बाबा?"

डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडं गेलं. त्यांनी पुसलं नाही. हाताला सुई लावलेली होती.

काकूंनी मोसंबी खाली ठेवली. त्या पदराला हात पुसत उशाशी आल्या, अप्पांच्या कानाशी वाकल्या आणि हळू आवाजात नूरचा चेहरा सांगू लागल्या. तो जेवताना कसा दिसायचा, हसला की कुठं काय व्हायचं, कपाळाला कशाची खूण होती. वाढणाऱ्या बाईनं जेवणाऱ्याकडं जितकं बघितलेलं असतं तितकं सगळं. मी खाटेजवळच बसलो होतो, मला ऐकू आलं. अप्पांचे डोळे मिटलेले होते. मध्येच ते म्हणाले, "व्हय. व्हय की. तसाच."

मग त्यांनी डोळे उघडून आधी काकूंकडं आणि नंतर माझ्याकडं पाहिलं.

"ह्ये कुठं बोलू नगा," ते म्हणाले.

मी बोललो नाही. काकूंनी जे सांगितलं त्यातलं ओळख पटेल असं काही मी इथंही लिहिलेलं नाही.